कॅराव्हॅन ट्रेलरचा पुढचा जॅक सारखा खचतो, लेव्हल जाते : नवा जॅक घेण्याआधी हे तपासा

परवा सिन्नरकडून एका भाऊंचा फोन आला. शेतावर मुक्कामासाठी त्यांनी एका ॲक्सलचा कॅराव्हॅन ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं दोन चाकांवरचं घर, करून घेतला आहे. म्हणाले, "ताई, तिसरा जॅक बसवला. चार दिवस ट्रेलर सरळ राहतो, पाचव्या दिवशी दाराची कडी लागत नाही, बाथरूमचं पाणी जाळीकडे जायचं सोडून पलंगाखाली येतं. आता कोणता जॅक घेऊ तेवढं सांगा." मी म्हटलं, भाऊ, चौथा घेऊ नका. ट्रेलर एकदा सरळ करा आणि आहे त्याच जॅकच्या नळावर मार्करनं एक रेघ मारा. चार दिवसांनी ती रेघ कुठे आहे ते मला सांगा.

आमचा ट्रेलर गिरणारे रस्त्याला, द्राक्षबागेच्या कडेला उभा असतो. २०२१ मध्ये राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं, त्याच्या चर्चेतून आमच्या घरात हा विचार शिरला. आता २०२७ च्या सिंहस्थासाठी शेतात चार माणसांची राहायची सोय करावी म्हणणारे ओळखीतले बरेच जण विचारायला येतात, आणि त्यातल्या प्रत्येकाची पहिली तक्रार हीच असते. आम्ही स्वतः या एका दुखण्यात दीड वर्ष घालवलं, दोन जॅक वाया घालवले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रेघ काय सांगते

हूक सोडवल्यावर ट्रेलरचं तोंड पेलतो तो पुढचा जॅक. त्याला दोन नळ असतात. बाहेरचा नळ ट्रेलरच्या दांड्याला पक्का बसवलेला, आतला नळ हँडल फिरवलं की खालीवर होतो. ट्रेलर सरळ झाला की आतला नळ बाहेरच्या नळातून जिथे बाहेर पडतो, अगदी त्या काठाला लागून रेघ मारायची. मार्कर पुसला जातो असं वाटलं तर नेलपॉलिश लावा. दुसरी खूण जमिनीची. जॅकपासून दीड-दोन मीटरवर, कोरड्या घट्ट जागी, गजाचा हातभर तुकडा ठोकून ठेवायचा आणि त्याच्या डोक्यापासून जॅकखालच्या फळीपर्यंत पाण्याची नळी धरून दोन्हींच्या उंचीतला फरक वहीत लिहायचा. गवंडी ज्या पारदर्शक नळीनं जोत्याची पातळी काढतात तीच ही नळी, पाच मीटर पुरते.

लेव्हल बिघडल्यावर या दोन खुणा बघा. रेघ बाहेरच्या नळात गेली असेल तर आतला नळ आत सरकतो आहे, म्हणजे दोष जॅकचा. स्क्रूच्या जॅकचे आटे शाबूत असतील तर तो वजनाखाली आपोआप उतरत नाही, तेवढं घर्षण आट्यांमध्ये असतं. उतरत असेल तर आतला नट झिजलेला आहे, किंवा येणाजाणाऱ्या पोरांनी हँडल फिरवलेलं आहे. हँडल काढून घरात ठेवा आणि पुन्हा चार दिवस बघा. हायड्रॉलिक बॉटल जॅक लावून ठेवला असेल तर मात्र वेगळं काही शोधायची गरज नाही. त्याचं ऑइल सीलमधून थोडं थोडं परतत राहतं आणि तो हळूहळू बसतो. तो उचलण्यापुरता वापरायचा. त्याच्यावर ट्रेलर रात्रभर ठेवायचा नाही.

रेघ जागेवर आणि फळी मात्र गजापेक्षा खाली गेलेली, असं असेल तर जमीन खचते आहे. आणि दोन्ही खुणा जागच्या जागी असूनही ट्रेलर वाकडा झाला असेल तर मागे जाऊन चाकं बघा. एका टायरमधली हवा उतरलेली असते, किंवा एक चाक मातीत बसलेलं असतं, किंवा ट्रेलर दोन-चार इंच पुढेमागे सरकलेला असतो.

आमच्याकडे दोन्ही वेळा रेघ तसूभरही हलली नव्हती. आम्ही चांगले जॅक काढून टाकले.

जॅकखाली किती वजन येतं

हा आकडा माहीत नसला की सगळे उपाय अंदाजाने होतात. अमेरिकेत कॅराव्हॅन ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन हुकावर यावं असा प्रघात आहे. युरोपातले ट्रेलर याहून कमी, साधारण ५ ते ७ टक्क्यांवर बसवतात. हूक सोडवला की जवळपास तेवढंच वजन पुढच्या जॅकवर येतं. आमचा ट्रेलर सामानासकट १,२०० किलोचा, म्हणजे अमेरिकी हिशोबानं पुढे १२० ते १८० किलो यायला हवेत. आम्ही मोजलं. द्राक्षं मोजायचा प्लॅटफॉर्म काटा पॅकिंगच्या शेडमधून आणला, सपाट फरशीवर ठेवला, चाकांना ठोकळे लावले आणि ट्रेलर सरळ असताना जॅकचा पाय काट्यावर टेकवला. १४२ किलो. घरात मोठा काटा नसेल तर माणसांच्या वजनकाट्यावरही जमतं. जाड फळीचं एक टोक विटेवर आणि दुसरं काट्यावर ठेवा, दोन्ही टेकूंमध्ये बरोबर तीन फूट अंतर असू द्या आणि जॅकचा पाय विटेपासून एक फुटावर टेकवा. काटा वजनाचा तिसरा हिस्सा दाखवतो, त्याला तीननं गुणायचं. नुसती फळी ठेवल्यावर काटा जेवढं दाखवतो तेवढं गुणण्याआधी वजा करायला विसरू नका.

आता ते १४२ किलो कशावर टेकतात ते बघा. आमच्या जॅकचा पाय म्हणजे सहा सेंटीमीटर व्यासाची गोल चकती, क्षेत्रफळ २८ चौरस सेंटीमीटर. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला पाच किलो. माझं वजन ६० किलो आहे आणि एका टाचेवर उभी राहिले तर टाचेखाली दर चौरस सेंटीमीटरला साधारण दोन किलो पडतात. भिजलेल्या काळ्या रानात माझी टाच घोट्यापर्यंत जाते. जिथे दोन किलोला जमीन जागा देते तिथे पाच किलोचा पाय कसा उभा राहील? हा टाचेचा प्रयोग मी आता प्रत्येकाला करायला सांगते, ट्रेलर जिथे लावायचा त्या जागी, लावण्याच्या आधी.

तेच वजन ४० सेंटीमीटर लांबरुंद फळीवर पसरलं तर क्षेत्रफळ १,६०० होतं आणि दर चौरस सेंटीमीटरला शंभर ग्रॅमसुद्धा पडत नाही. मात्र फळी वाकता कामा नये. आम्ही पहिल्यांदा पॅकिंगच्या खोक्यांची पाव इंची फळी ठेवली, ती मधोमध वाकून बशीसारखी झाली आणि सगळं वजन पुन्हा मधल्या वितभर जागेत आलं. दोन इंच जाडीच्या बाभळीच्या फळ्या घ्या, खालच्या थरात उभ्या आणि वरच्या थरात आडव्या, आणि मधून चार बोल्ट मारा. तिच्यावर ८ मिलीमीटर जाडीची एक फूट चौरस लोखंडी प्लेट, आणि प्लेटच्या मधोमध जॅकचा पाय बसेल एवढी रिंग वेल्ड केलेली. रिंगमुळे पाय घसरत नाही. ही प्लेट साडेपाच किलोच्या आसपास भरते, उचलायला जड नाही.

विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक जॅकखाली घालू नका. लाकूड दबतं, चिरतं, कुरकुरतं, तेवढ्यात आपल्याला कळतं. पोकळ ब्लॉक काही न कळवता एका क्षणात फुटतो.

आपली काळी माती

नाशिकच्या पश्चिमेला, त्र्यंबक-अंजनेरीच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी मातीचा थर पातळ आहे, हात-दीड हातावर मुरूम किंवा खडक लागतो. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे आलात की खोल काळी जमीन. बेसॉल्ट झिजून तयार झालेली ही चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आक्रसते. उन्हाळ्यात भेगांमध्ये हाताची बोटं सहज जातात. पिकाला ही माती आई आहे, पण तिच्यावर काहीही स्थिर ठेवणं कठीण. एप्रिलमध्ये सरळ केलेला ट्रेलर जुलैत वाकडा झाला तर त्याचं कारण फक्त खचणं असेलच असं नाही. एका बाजूची माती फुगून चाक वर आलेलं असतं. त्यामुळे जॅकखाली जे कराल ते चाकांखालीही करावं लागतं. मला हे फार उशिरा उमगलं.

आमची पहिली चूक सांगते. एप्रिलमध्ये, जमीन दगडासारखी असताना, जॅकच्या जागी तीन इंच जाडीचं काँक्रीट ओतलं. खाली खोदलं नाही, मुरूम नाही, नुसतं मातीवर. ऑगस्टमध्ये त्याचे दोन तुकडे झाले आणि एक तुकडा ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला तिरका झाला. काँक्रीटचा दोष नव्हता. खालची माती कडेला भिजून फुगली, मधे कोरडी राहिली.

मग आमच्याकडे विहिरीचं बांधकाम करणाऱ्या मिस्त्रींनी सांगितलं तसं केलं. अडीच फूट चौरस आणि दीड फूट खोल खड्डा घेतला, काळी माती पूर्ण काढली. मुरूम चार-पाच इंचांच्या थरांनी भरला. प्रत्येक थरावर थोडं पाणी मारायचं, धुम्मसनं चोपायचं, धुम्मस टण्ण वाजायला लागली की पुढचा थर. एकदम भरून वरून चोपलं तर खालचा भाग पोकळ राहतो, मिस्त्रींनी आम्हाला एकदा भरलेला खड्डा यासाठीच पुन्हा उपसायला लावला. वरचा भाग आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटं उंच ठेवला आणि कडेनं उतार दिला, म्हणजे पावसाचं पाणी त्याच्यावर थांबत नाही. त्यावर वर सांगितलेली बाभळीची चौकट. शहाबादी फरशी टाकायची असेल तर तिच्याखाली वाळूचा सारखा थर हवा, नाहीतर एका कोपऱ्याखाली पोकळी राहते आणि फरशी तिथेच तडकते. दोन्ही चाकांखालीही अशाच, जरा लांबट, पट्ट्या केल्या.

पावसाळा निभावला. आम्हाला वाटलं, सुटलो.

डिसेंबरात का खचला

ऑक्टोबर छाटणी झाली, पाऊस थांबला, थंडी पडली, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ट्रेलर पुन्हा पुढे झुकला. दीड सेंटीमीटर. रेघ जागेवर. मुरमाचा चौथरा शाबूत, पण सगळाच्या सगळा एका बाजूला कललेला. पाऊस नाही, ओल नाही, मग माती मऊ कशी? नवऱ्यानं चौथरा पुन्हा खोदायला घेतला होता. सासूबाई दाराशी बसून भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, तिथलं गवत बघ. सगळीकडे पिवळं पडलंय आणि तुमच्या जॅकपाशी पावसाळ्यासारखं हिरवंगार आहे."

त्या हिरव्या गवताच्या मागे मागे गेलो. ठिबकच्या सबमेनचा (नळ्यांना पाणी देणाऱ्या मोठ्या पाइपचा) फ्लश व्हॉल्व्ह ट्रेलरच्या तोंडापासून सात-आठ फुटांवर गवतात झाकलेला होता. दर आठवड्याला नळ्या धुताना गडी तो उघडायचा, पाच-दहा मिनिटं पाणी सोडायचा. जमिनीचा उतार ट्रेलरकडे. शिवाय बाथरूमचा सांडपाण्याचा पाइप चाकामागे सोडलेला होता, त्याचं पाणी खालून फिरून पुढे येत होतं. वरून सगळं कोरडं दिसायचं, हातभर खाली चिखल.

फ्लशच्या तोंडाला पाइप जोडून पाणी बांधापलीकडे नेलं. सांडपाणी पन्नास फूट लांब केळीच्या आळ्यात सोडलं. चौथऱ्याच्या वरच्या अंगाला नांगराच्या तासाएवढी चारी काढली. चौथरा एकदाच पुन्हा चोपला. त्यानंतरच्या दोन हंगामांत एकदाही खचला नाही.

म्हणून जॅक खचण्याची तक्रार आली की मी आता सगळ्यात आधी पाण्याची चौकशी करते. बोअरचा गळका जोड कुठे आहे, टाकी ओव्हरफ्लो झाली की पाणी कुठे जातं, एसीचं पाणी कुठे टपकतं, भांडी कुठे घासतात. ट्रेलरभोवती दहा पावलांत हिवाळ्यात हिरवं काय आहे.

सरळ करण्याचा क्रम

बरेच जण हूक सोडवल्याबरोबर जॅकला हात घालतात. पुढचा जॅक फक्त पुढचं-मागचं सरळ करू शकतो. डावं-उजवं त्याच्या हातात नाही. डावं-उजवं राहिलेलं असताना जॅक कितीही फिरवा, ट्रेलरला पीळ बसल्यासारखा होतो आणि शेवटी माणूस कोपऱ्यातल्या टेकूंनी उचलायला जातो.

ट्रॅक्टर किंवा गाडी हुकाला असतानाच आधी डावं-उजवं करा. एक मीटर लांबीची पाणसळ दारातल्या लादीवर आडवी ठेवा आणि जे टोक खाली आहे तिथे बुडबुडा मध्ये येईपर्यंत पातळ पट्ट्या सरकवा. पट्ट्यांची जाडी मोजा. आमच्या दोन चाकांमधलं अंतर १८० सेंटीमीटर आहे. पाणसळीखाली दोन सेंटीमीटर लागले तर खालच्या चाकाखाली १.८ गुणिले दोन, म्हणजे ३.६ सेंटीमीटरची फळी हवी. फळी चाकापुढे ठेवून ट्रेलर तिच्यावर चढवा. फळी टायरच्या रुंदीपेक्षा मोठी असावी, टायर अर्धवट कडेवर लटकला तर आतून खराब होतो.

मग ठोकळे. दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, चारही. हे झाल्याशिवाय हुकाची पिन काढायची नाही. एका ॲक्सलचा ट्रेलर हुकातून सुटला की दोन चाकं आणि एक जॅक एवढ्यावरच उभा असतो. जॅकनं तोंड वर-खाली करताना चाकं थोडी जरी फिरली तर जॅकचा पाय जागेवर राहतो आणि वरचा भाग पुढे किंवा मागे जातो. जॅक उभ्या वजनासाठी केलेला असतो, आडव्या जोरानं आतला नळ वाकतो. काढून टाकलेल्या त्या दोन जॅकांशिवाय आमचा आणखी एक जॅक असाच गेला, ठोकळा म्हणून लावलेला गोल दगड चाकाखालून निसटला. मी तेव्हा हँडलपाशी होते, दांडा माझ्या पायापासून वीतभर अंतरावर खाली आला. गोल दगड ठोकळा म्हणून कधीही वापरू नका. पाचरीसारखा तिरपा कापलेला लाकडी ठोकळा घ्या, चाकाला घट्ट चिकटवून ठोका.

आता पिन काढा आणि जॅक फिरवा. इथेही तोच हिशोब. आमच्याकडे ॲक्सलपासून जॅकपर्यंत साडेतीन मीटर आहेत. पाणसळ लांबीच्या दिशेनं ठेवल्यावर मीटरमागे एक सेंटीमीटर फरक दिसला तर जॅक साडेतीन सेंटीमीटर वर किंवा खाली हवा. एकदा मोजलं की पाच वेळा आत-बाहेर धावपळ होत नाही. आतला नळ जेवढा कमी बाहेर येईल तेवढं चांगलं, कारण लांब आलेला नळ आडव्या धक्क्याला लवकर वाकतो. उंची हवी असेल तर खालची लाकडी चौकट उंच करा, जॅक कमी फिरवा.

सगळ्यात शेवटी चार कोपऱ्यांचे टेकू. ते जमिनीला टेकवायचे आणि वर अर्धा फेरा. त्यांचं काम डुलणं थांबवायचं, उचलायचं नव्हे. आणि हे मात्र पक्कं लक्षात ठेवा, पुढे कधीही जॅकनं थोडं जरी वर-खाली करायचं झालं तरी आधी चारही टेकू सैल करायचे. टेकू खाली असताना तोंड वर उचललं की मागच्या दोन टेकूंवर नको तेवढा भार येतो, त्यांचे बोल्ट तिरके होतात आणि मग त्यांच्यामुळेच लेव्हल बिघडायला लागते. खचलेला जॅक "जरा दोन फेरे" फिरवून वर घेण्याची सवय बहुतेकांना असते, आणि टेकू खराब होतात ते त्यातूनच.

मागच्या टेकूंचं महत्त्व आम्हाला दिवाळीत कळलं. मागचा पलंग ॲक्सलच्या दीड मीटर मागे आहे. चार मोठी माणसं, साधारण २६० किलो, तिथे गप्पा मारत बसली तर हिशोबानं पुढचं १११ किलो वजन कमी होतं. आमच्या १४२ मधले उरले ३१. जॅकचा पाय प्लेटवर नुसता टेकलेला राहतो, अजून एक माणूस मागे गेला की तोंड उचललं जाऊ शकतं. पाण्याच्या टाकीचंही असंच. ॲक्सलच्या दीड मीटर पुढे १०० लिटरची टाकी असेल तर भरल्यावर जॅकवर त्रेचाळीसेक किलो वाढतात, रिकामी झाली की जातात. रोज वाढणारं-उतरणारं वजन मऊ जमिनीला थोडं थोडं चोपत राहतं. म्हणून लेव्हल टाकी भरलेली असताना करा.

महिनोन्महिने उभा राहणार असेल तर घोडी

ट्रॅक्टरच्या दोनचाकी ट्रॉलीला पुढे जॅक असतो तो पिन निघेपर्यंत तोल धरायला. भरलेली ट्रॉली त्याच्यावर पावसाळाभर कोणी ठेवत नाही. बैल सोडल्यावर गाडीच्या जुवाखाली लाकडाचा टेकू देतात, तसाच टेकू ट्रेलरलाही हवा. गॅरेजमध्ये गाडीखाली लावतात तशी पिनवाली लोखंडी घोडी आम्ही वेल्डर भाऊंकडून रुंद पायाची करून घेतली. दांड्याच्या दोन चॅनेल जिथे जुळतात त्याच्या मागे, जाड भागाखाली ती ठेवायची. कपलरच्या (गाडीच्या हुकाला अडकणाऱ्या भागाच्या) तोंडाखाली किंवा नंबर प्लेटच्या पातळ अँगलखाली ठेवायची नाही. जॅकनं तोंड अर्धा सेंटीमीटर जास्त उचलायचं, घोडी सरकवायची, उरलेली फट लाकडी पट्टीनं भरायची, मग जॅक उतरवून वजन घोडीवर द्यायचं आणि जॅकचा पाय नुसता टेकलेला ठेवायचा. घोडीलाही तीच मोठी प्लेट आणि तोच मुरूम लागतो, नाहीतर ती जॅकसारखीच खचेल.

काही झालं तरी नुसत्या जॅकच्या भरवशावर ट्रेलरखाली शिरू नका. पाइप बघायचा असो की पडलेला बोल्ट काढायचा असो, आधी घोडी.

हँडल जड झालं असेल तर

वर सगळं तपासून झालं आणि हँडल दोन हातांनी फिरवावं लागतं आहे, असं असेल तर ट्रेलर घोडीवर देऊन जॅक मोकळा करा आणि पूर्ण बाहेर काढून बघा. रिकामाही एकाच ठिकाणी अडत असेल तर नळ वाकलाय. ठोकून सरळ करू नका, बदला. सगळीकडे सारखाच जड असेल तर ग्रीस सुकलंय. वरचं झाकण काढून गिअरला, आणि नळ पूर्ण बाहेर असताना स्क्रूला ग्रीस द्या. आतल्या नळाच्या बाहेरच्या अंगाला मात्र घट्ट ग्रीस थापू नका, त्याला धूळ चिकटून पॉलिश पेपरासारखी घासते. तिथे तेलाचा बोळा फिरवला तरी पुरे.

बागेत ट्रेलर असणाऱ्यांसाठी आणखी एक. बोर्डो किंवा मोरचुदाची फवारणी चालू असते तेव्हा तुषार जॅकवर बसतात. मोरचुदातलं तांबं जस्ताचा मुलामा खातं आणि लोखंडावर तांबूस डाग पडतात, त्या डागांखाली गंज धरतो. फवारणीच्या दिवशी जॅकला खताची रिकामी गोणी बांधा, संध्याकाळी साध्या पाण्यानं धुवा. हे ब्लोअर चालवणाऱ्या माणसालाच सांगून ठेवलंय, तोच आता आठवणीनं गोणी बांधतो.

सिन्नरच्या भाऊंचा काल पुन्हा फोन आला. रेघ जागेवर होती, फळी गजापेक्षा दोन सेंटीमीटर खाली. मी विचारलं, जवळपास हिरवं काय आहे? ते ट्रेलरला वळसा घालून आले आणि म्हणाले, पुढे दोन पावलांवर घोळाची भाजी माजलीय, शेजारी गाईंच्या हौदाचा नळ आहे. हौद भरला की नळ बंद करायला कोणी जात नाही. त्यांनी काल संध्याकाळीच त्या नळाला बॉल व्हॉल्व्ह बसवलाय. जागा सुकायला आठ-दहा दिवस द्या म्हटलं, मग खोदून मुरूम भरा. तिसरा जॅक तसाच राहू दे.